ल्युगॉल आयोडीन ९९.८ टक्के शुद्ध असेल, तर पोटात घेण्यास हरकत काय?

जिज्ञासू : थायरॉइडच्या आरोग्यासाठी रोज दोन थेंब पाण्यातून घ्यावेत, असा सल्ला वाचून मी पाच टक्क्यांचे ल्युगॉल द्रावण (पाण्यात विरघळवलेले आयोडीन) मागवले. बाटलीवर शुद्धता ९९.८ टक्के असल्याचे लिहिले आहे, मात्र त्याखालीच ‘केवळ प्रयोगशाळेतील वापरासाठी’ असेही छापलेले आहे. काही दिवस मी ते घेतले आहे. शुद्धता घरी तपासता येईल का?

रसायन_विश्लेषक : ही टक्केवारी बहुधा मूळ आयोडीनच्या स्फटिकांची असते. द्रावणात पोटॅशियम आयोडाइड आणि पाणीही असते व त्यांच्या दर्जाविषयी हा आकडा काहीच सांगत नाही. शिवाय औषधी प्रतीचे द्रावण म्हणजे केवळ अधिक शुद्ध द्रावण नव्हे. ते कोणत्या परिस्थितीत तयार झाले, कोणत्या पाण्यात, कोणत्या बाटलीत भरले आणि प्रत्येक बॅचची कोणती तपासणी झाली, याची नोंद व जबाबदारी त्यामागे असते, जी प्रयोगशाळेसाठी विकणाऱ्याने स्वीकारलेलीच नसते.

घरगुती चाचणीविषयी सांगायचे, तर स्टार्चवर येणारा निळा-काळा रंग आयोडीन आहे एवढेच दाखवतो. द्रावणात आयोडीन नेमके किती आहे, म्हणजे त्याची तीव्रता, मोजण्यासाठी सोडियम थायोसल्फेटने अनुमापन (ते थेंबाथेंबाने मोजून घालण्याची चाचणी) करावे लागते आणि त्यातूनही जड धातूंचा पत्ता लागत नाही. त्यातच आयोडीन बाष्पनशील असल्यामुळे झाकण सैल राहिलेल्या बाटलीची तीव्रता कालांतराने बदलते.

औषधनिर्माता : शुद्धतेचा प्रश्न योग्य आहे, परंतु माझ्या मते तो दुय्यम आहे. पाच टक्के ल्युगॉलच्या एका मिलिलिटरमध्ये, आयोडाइड धरून, सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडीन असते. म्हणजे एका थेंबात साधारण सहा मिलिग्रॅम. प्रौढ व्यक्तीची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम आहे. तुमचे दोन थेंब त्या गरजेच्या ऐंशी पटींच्या आसपास जातात आणि द्रावण जितके अस्सल, तितका हा हिशेब अधिक खरा ठरतो!

एवढे आयोडीन अचानक मिळाल्यास थायरॉइड ग्रंथी संप्रेरकनिर्मिती तात्पुरती थांबवते. निरोगी ग्रंथी बहुधा काही दिवसांत त्यातून सावरते. पण हाशिमोटोसारखा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते असा, आजार असल्यास संप्रेरकांची कमतरता टिकून राहू शकते, तर ग्रंथीत जुन्या गाठी असल्यास उलट संप्रेरकांचा अतिरेक होऊ शकतो. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर ल्युगॉल देतात हे खरे आहे, परंतु ते मोजक्या दिवसांसाठी आणि देखरेखीखाली असते.

जिज्ञासू : त्वचेवर लावलेल्या आयोडीनचा डाग लवकर फिका पडला, तर शरीरात आयोडीनची कमतरता आहे असे समजावे का?

रसायन_विश्लेषक : नाही. आयोडीन उडून जाते, तसेच त्वचेवर त्याचे रंगहीन आयोडाइड होते. डाग फिका पडण्याचा शरीरातील साठ्याशी विश्वासार्ह संबंध नाही.

औषधनिर्माता : आता थेंब थांबवा आणि डॉक्टरांना बाटली दाखवून टीएसएच या थायरॉइडच्या रक्ततपासणीविषयी विचारा. आधीपासून थायरॉइडचे औषध चालू असेल, तर ते मात्र स्वतःहून बंद करू नका. छातीत धडधड, हाताला कंप, मानेला सूज यांपैकी काही असल्यास भेट पुढे ढकलू नये. जखमेसाठीचे टिंक्चर किंवा पोव्हिडोन आयोडीन पर्याय म्हणून पिण्याचा सल्लाही काही जण देतात. ती दोन्ही बाहेरून लावण्यासाठीच असतात.