मदत हवी आहे: तिघे मिळून देवनागरी फॉन्ट करतोय, एकमेकांचं काम पुसलं जाऊ नये म्हणून गिट (फाइलमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली) कसं वापरावं?

बोरू_पुणे

नमस्कार मंडळी,

पुस्तकाच्या मजकुरासाठी आम्ही तिघे एक देवनागरी फॉन्ट करतोय. रेग्युलर आणि बोल्ड असे दोन मास्टर, म्हणजे मूळ काढलेल्या दोन जाड्या, आहेत. मूळ अक्षरं आणि जोडाक्षरं माझ्याकडे. कोल्हापूरचे एक काका बोरूने कागदावर अक्षरं काढतात आणि गेल्या वर्षापासून ग्लिफ्स या फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराच्या कडेचे बिंदूही स्वतः हलवतात. बोल्ड आणि कर्निंग (अक्षरजोड्यांमधलं अंतर) नागपूरचा मित्र बघतो. सगळं काम एकाच ग्लिफ्स फाइलमध्ये, आणि ती फाइल तिघांच्या सामायिक फोल्डरमध्ये.

गेल्या महिन्यात काकांनी मराठीचा ल आणि श नव्याने काढले. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, म्हणजे २०२२ च्या शासन निर्णयात आहेत तसे. ल च्या दोन पाकळ्यांचा तोल साधायला त्यांना नऊ दिवस लागले. नेमकं तेव्हाच मित्राने त्याच्या मशीनवर आधीपासून उघडी असलेली फाइल घेऊन कर्निंग केलं आणि सेव्ह केली. शेवटी आलेली फाइल फोल्डरमध्ये राहिली, काकांची गेली. हे कळलं थेट छापील प्रूफवर. 'लाल शाल' या शब्दांवर भिंग धरून काका बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हा माझा ल नाही."

आमच्याकडे तारखा घातलेल्या ३७ प्रती आहेत. त्यांतल्या एकीत रेग्युलरचा ल सापडला. बोल्डचा सापडलाच नाही, काकांनी तो पुन्हा काढला. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण मला फार लागलं.

वेबसाइटच्या कामात गिट वापरलेलं आहे, पण फॉन्टसाठी कधी नाही. दोघांनी एकच अक्षर हलवलं तर गिट काय करतं? जुनं-नवं अक्षर डोळ्यांनी शेजारी शेजारी कसं बघायचं? आणि टर्मिनल कधीच न उघडलेल्या काकांना यात सामील कसं करून घ्यायचं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

आकडेमोड

ताई, सोपं आहे. ग्लिफ्सची फाइल साधी मजकूर फाइलच असते. रेपो (गिट इतिहास ठेवतं ते फोल्डर) करा, प्रत्येकाला वेगळी ब्रँच (कामाची स्वतंत्र फांदी) द्या आणि आठवड्यातून एकदा मर्ज करा, म्हणजे सगळं एकत्र आणा. सॉफ्टवेअरमध्ये २००५ पासून जग हेच करतंय.

---

खिळेजुळारी

आकडेमोड, कोडसाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण अक्षराला ते तसंच लावलं तर घात होईल. गिट ओळ धरून चालतं. फॉन्टच्या फाइलमध्ये एकेक बिंदू एकेका ओळीवर असतो. समजा ताईंनी क चा पोटातला वळसा हलवला आणि त्यांच्या मित्राने त्याच क चा दांडा सरकवला. ओळी वेगळ्या, त्यामुळे मर्ज बिनतक्रार होईल, कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) दाखवणारही नाही. आणि जो क तयार होईल तो दोघांपैकी कुणीच काढलेला नसेल. कॉन्फ्लिक्ट आला तर निदान माणूस थांबून बघतो. खरा धोका न आलेल्या कॉन्फ्लिक्टचा आहे.

ताई, मी तीन फॉन्ट असे केलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम म्हणजे ती एकसंध फाइल फोडा. ग्लिफ्स ३ मध्ये सेव्ह करताना 'ग्लिफ्स पॅकेज' हा प्रकार निवडता येतो. मग फाइलऐवजी फोल्डर तयार होतं आणि प्रत्येक ग्लिफची (अक्षराच्या आकाराची) वेगळी फाइल होते. ग्लिफ्स नसेल त्यांच्यासाठी यूएफओ या फॉन्टच्या खुल्या फाइल-प्रकारातही हीच रचना आहे. असं झालं की काकांचा ल आणि मित्राचं कर्निंग एकाच फाइलमध्ये राहत नाहीत, एकाने दुसऱ्यावर लिहिण्याचा प्रश्नच संपतो. शिवाय गिट लॉगला (बदलांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला) फक्त त्या ल ची फाइल दिली की तो कुणी, कधी आणि का बदलला हे ओळीने दिसतं. बाकी फॉन्टला धक्का न लावता तेवढा एक ल मागच्या महिन्यातला परत आणता येतो. तुमच्या ३७ प्रतींना जे जमलं नाही ते हेच.

पॅकेजमध्ये यूआयस्टेट नावाची एक फाइल असते. कोणत्या टॅबमध्ये काय टाइप केलं होतं वगैरे तिच्यात साठतं. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) टाका, नाहीतर नुसती फाइल उघडून बंद केली तरी बदल दिसत राहील.

आता राहिलं कर्निंग. ते पॅकेजमध्ये फॉन्टइन्फोच्या फाइलमध्ये जातं आणि तिथेच मास्टरची माहिती आणि ओपनटाइप फीचरही (जोडाक्षरं वगैरे जुळवणारे नियम) असतात. ही फाइल एका वेळी एकानेच हातात घ्यायची. आम्ही ग्रुपवर 'कर्निंग माझ्याकडे' असं टाकतो, काम वर पाठवून झालं की 'सोडलं' असं टाकतो. यापेक्षा चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

ब्रँचचं म्हणाल तर, तिघांच्या कामाला एकच ब्रँच ठेवा. वाटणी अक्षरांची करा: आज क-वर्ग कुणाचा, रफार आणि वेलांट्या कुणाच्या. सकाळी आधी पुल (इतरांचं काम उतरवून घेणं), मग काम, संध्याकाळी पुश (आपलं काम वर पाठवणं).

---

दंड_आणि_देठ

खिळेजुळारींशी सहमत. देवनागरीपुरती एक भर घालतो.

आपली जोडाक्षरं बरीचशी कंपोनंटवर, म्हणजे एकदा काढून अनेक ठिकाणी वापरलेल्या तुकड्यांवर, उभी असतात. अर्धा क काढला की तो क्त, क्य, क्व, क्स अशा कितीतरी ठिकाणी जातो. कुणी अर्ध्या क ची गाठ थोडी जाड केली तर गिटला बदललेली फाइल एकच दिसते, पण पानावर पन्नास जागी फरक पडलेला असतो. म्हणून नुसता फाइलमधला फरक वाचून समाधान मानू नका. प्रत्येक बदलानंतर छबी बघायची सवय लावा.

आम्ही रेपोत एक छोटी मजकूर फाइल ठेवली आहे. तिच्यात आम्हाला छळणारे शब्द आहेत: शाळा, लाल, दऱ्या, सुऱ्या, वाङ्मय, उद्ध्वस्त, कर्त्री, तीर्थरूप, हृदय. फॉन्टमेक या साधनाने फॉन्ट बांधायचा आणि हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या एचबी-व्ह्यूने ते शब्द चित्र म्हणून काढायचे. भाषा मराठी द्यायला विसरू नका. दिली नाही तर एमएआर या मराठीच्या भाषा-खुणेखाली लावलेले ल आणि श येणारच नाहीत आणि तुम्ही हिंदीचेच आकार तपासत बसाल. दोन फॉन्ट शेजारी ठेवून फरक दाखवायला गूगल फॉन्ट्सवाल्यांचं डिफनेटर आहे, त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं.

दोन मास्टरमधल्या बिंदूंची संख्या आणि क्रम जुळतोय ना, हेही पुश करण्याआधी बघा. रेग्युलरच्या ल ला एक बिंदू वाढवला आणि बोल्डमध्ये राहून गेला, तर मधली वजनं (जाड्या) तयार होणार नाहीत.

आणि हात जोडून विनंती, गिटचा रेपो त्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवू नका. सिंक करणारी सेवा गिटच्या आतल्या फाइल अर्धवट हलवते आणि रेपो बिघडतो. प्रत्येकाच्या मशीनवर स्वतंत्र क्लोन (रेपोची पूर्ण प्रत) असू द्या.

---

बोरू_पुणे

दोघांचेही मनापासून आभार. अर्ध्या क चा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण मी परवाच त्याची गाठ बदलली आणि जोडाक्षरं बघितलीच नव्हती.

काकांचं कसं करू? त्यांना 'कमिट' (बदलाची नोंद करणं), 'पुश' हे शब्द शिकवायचे का?

---

सौ_अक्षरधारा

ताई, माझे सासरे ६८ व्या वर्षी हे शिकले, म्हणून सांगते. गिटहब डेस्कटॉप (गिट बटणांनी चालवायचा प्रोग्राम) बसवून द्या. त्यात तीनच गोष्टी दाखवा: सकाळी दाबायचं बटण, काय बदललं ते लिहायची चौकट आणि संध्याकाळी दाबायचं बटण. ते चौकटीत मराठीत लिहू देत, गिटला देवनागरी चालते. आमच्याकडे सासऱ्यांच्या नोंदी सगळ्यांत उपयोगी ठरल्या. आम्ही लिहायचो 'ळ बदलला'. ते लिहायचे 'ळ ची उजवी वाटी डावीपेक्षा किंचित मोठी केली, लहान आकारात भरून जात होती'. वर्षभराने ळ पुन्हा हातात घेतला तेव्हा ते एक वाक्य वाचून आम्ही तो तसाच ठेवला.

---

खिळेजुळारी

वरची नोंद माझ्या टीमलाही दाखवणार आहे.

ताई, सगळा फॉन्ट एकदम हलवण्याआधी नमुना म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट बघा. तो ओपन फॉन्ट लायसन्स या खुल्या परवान्याखाली आहे आणि त्याच्या मूळ फाइल गिटहब या रेपो ठेवायच्या साइटवर आहेत. फोल्डरची मांडणी कशी असते ते तिथे कळेल.

---

बोरू_पुणे

दोन आठवड्यांनी लिहितेय. पॅकेज केलं, तिघांचे क्लोन झाले, कर्निंगचं 'माझ्याकडे / सोडलं' सुरू आहे. पहिल्या तीन दिवसांत मित्र दोनदा पुल करायला विसरला, पण गिटने पुश अडवलं आणि काही गेलं नाही. दऱ्यामधला र मी चुकून अर्ध्या य ला चिकटवला होता, तो शब्दांच्या चित्रात लगेच दिसला.

काकांची पहिली नोंद जशीच्या तशी देते: 'ल. डावी पाकळी तीन युनिट आत घेतली. बोल्डमध्येही घेतली. बिंदू मोजले, सारखे आहेत.'

आता एकच अडकलंय. काकांचे कागदावरचे मूळ स्कॅन मला अक्षरासोबतच ठेवायचे आहेत, पण काही स्कॅन १२० एमबीचे आहेत आणि गिटहब १०० एमबीच्या वरची फाइल घेत नाही. त्यासाठी गिट एलएफएस (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवणारी गिटची जोड) लावावं, की स्कॅन वेगळ्या डिस्कवर ठेवून नोंदीत फक्त क्रमांक द्यावा? कुणी केलं असेल तर सांगा. कागद पिवळे पडायला लागलेत, त्यामुळे या महिन्यातच स्कॅनिंग पूर्ण करायचंय.