गच्चीवर नुसतं वॉटरप्रूफिंग करावं की हिरवं छप्पर? हिशेब कसा मांडायचा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी कोथरूडला. १९९४ ची इमारत, चार मजले, १६ फ्लॅट, गच्ची ३००० चौरस फूट. गेल्या पावसाळ्यात वरच्या चारही घरांत ओल आली, त्यामुळे जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग करायचं हे नक्की. वाद त्यापुढचा आहे.

मी वरच्या मजल्यावर राहते. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर गरम लागते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री घरात उष्णता सोडत बसतो. टोरांटो महापालिकेनं २००९ साली मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छप्पर (म्हणजे छतावर मातीचा थर आणि झाडं) सक्तीचं केलं, हे वाचून उत्साह आला आणि सभेत विषय काढला.

कोटेशन असं: पूर्ण गच्चीला मेंब्रेन (पाणी अडवणारा थर) ३,९०,००० रुपये. त्यातल्या १००० चौरस फुटांवर मुळं अडवणारा थर, निचऱ्याची शीट, हलकी माती आणि झाडं यांचे आणखी ३,५०,०००. म्हणजे घरटी २४,३७५ ऐवजी ४६,२५०.

तळमजल्यावरचे काका लगेच म्हणाले, "थंडावा तुमच्या घरात आणि २२ हजार आमच्या खिशातून?" राग आला, पण खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड आहे. गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, तो सगळे देतात. झाडांचा खर्च मात्र कोणत्या तोंडानं मागू? खालच्यांना यातून नेमकं काय मिळतं? आणि वजनाचं काय?

– गच्चीवाली

स्लॅबवाला: आधी वजन बघा. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) चौरस मीटरला १५० किलो चल भार, म्हणजे स्लॅबवर वरून येणारं वजन, धरतात. साधी माती १५ सेंटिमीटर टाकून भिजवली की २५० किलोच्या वर जाते, म्हणजे विषय संपला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेला १० सेंटिमीटरचा थर बराच हलका असतो. तुमच्याकडे एक सोय आहे: जुना कोबा निघाला की तेवढं वजन कमी होईल. पण त्याच्या भरवशावर राहू नका. इमारत तिशी ओलांडून गेलीय, स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) तसंही लागणारच. माती पडण्याआधी गच्चीत पाणी कोंडून चाचणी घ्या, नाहीतर नंतर गळती शोधायला अख्खी बाग उपसावी लागेल.

कोरडवाहू: पैशांपेक्षा मला पाण्याची काळजी वाटते. युरोपातली पातळ छपरं पावसावर जगतात, कारण तिथे बारा महिने थोडाथोडा पडतो. आपल्याकडे नोव्हेंबर ते मे जवळजवळ कोरडं. हजार फूट म्हणजे ९३ चौरस मीटर. चौरस मीटरला चार लिटर धरले तरी रोज ३७० लिटर. एप्रिलमध्ये टँकर मागवून गवत जगवणार असाल तर पर्यावरणाचं नाव घेऊ नका. लॉन विसरा. पानफुटी, कोरफड, गवती चहा असं चिवट लावा आणि आरओचं वाया जाणारं पाणी वर चढवा.

स्लॅबवाला: खालच्यांच्या फायद्याबद्दल: माती आणि झाडांखालच्या मेंब्रेनवर थेट ऊन पडत नाही, ती रोज तापून-निवून ताणली जात नाही, म्हणून जास्त टिकते. पुढचा वॉटरप्रूफिंगचा खर्च लांबतो, तो सगळ्यांचाच. जूनच्या पहिल्या सरींचं पाणीही माती धरून ठेवते. जुलैत ती भिजून गच्च झाली की मात्र फारसं धरत नाही, हे सभेत लपवू नका.

पांढरा चुना: ताई, फक्त उकाडाच कमी करायचा असेल तर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग मारा. खर्च कितीतरी कमी, वजन शून्य. धूळ आणि शेवाळानं काळा पडतो, दर दोन-तीन वर्षांनी परत मारावा लागतो. उरलेल्या जागेवर सोलर लावलंत तर सामायिक वापरासाठी केंद्राचं किलोवॅटमागे १८,००० अनुदान मिळतं. लिफ्ट-पंपाचं बिल कमी झालेलं काकांनाही दिसेल.

गच्चीवाली: लिफ्ट नाहीये हो, पण पंप आहे! सगळ्यांचे आभार. आता असं ठरवतेय: पूर्ण गच्चीला मेंब्रेन आणि पांढरा रंग सोसायटीच्या खर्चातून, सोलरचं कोटेशन वेगळं. आमच्या चार घरांवरच्या ३०० फुटांवर झाडं, तो खर्च आणि पाणी आम्ही चौघांनी उचलायचं, तेही ऑडिटचा अहवाल हातात आल्यावर. एकच अडलंय: उद्या त्या ३०० फुटांखाली गळलं तर खर्च कुणाचा? कुणाच्या सोसायटीत असा ठराव झालाय का? मसुदा असेल तर इथेच टाका, पुढच्या रविवारी सभा आहे.