मदत हवी आहे: मल्टिकास्टचा सोर्स आरपीला कळतच नाही

राम राम भाऊ, जळगावजवळ एका जिनिंगमध्ये कॅमेऱ्यांचं मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना) लावतोय, पीआयएम स्पार्स मोड (मागणी असेल तिथेच मल्टिकास्ट पोचवणारा राउटिंग प्रोटोकॉल), आरपी (रॉन्देव्हू पॉइंट, सोर्स आणि पाहणारे जिथे जुळतात ती जागा) ऑफिसच्या राउटरवर. कंट्रोल रूमकडून आयजीएमपी जॉइन (हा ग्रुप हवाय अशी मागणी) येतो, आरपीवर स्टार-जी (कुठलाही सोर्स, हा ग्रुप) एन्ट्री पण बनते, पण २३९.१०.१०.५ या ग्रुपसाठी एस-जी (ठरावीक सोर्स, हा ग्रुप) काही बनत नाही. सोर्सचं पॅकेट आलं की त्याच्या जवळचा डीआर (डेझिग्नेटेड राउटर, सोर्सच्या नेटवर्कचा जबाबदार राउटर) ते रजिस्टर मेसेजमध्ये गुंडाळून युनिकास्टने आरपीला पाठवतो आणि तेव्हाच आरपीला सोर्स कळतो, बरोबर ना? काल रात्री कापसाच्या गाठींमागे लॅपटॉप घेऊन बसलो, कॅप्चरमध्ये कॅमेऱ्याच्या पॅकेटचा टीटीएल (पॅकेट किती राउटरपर्यंत जाऊ शकतं तो आकडा) १ दिसला, म्हणून डीआर ते टाकून देत असेल का, का मधला फायरवॉल प्रोटोकॉल १०३ (म्हणजे पीआयएम) अडवतोय? २३२ ची रेंज घेऊन एसएसएम (पाहणारा स्वतःच सोर्स सांगतो ती पद्धत) केलं तर आरपीची भानगडच नाही, पण पाहणारी पेटी आयजीएमपी व्हर्जन ३ बोलत नाही. आधी काय तपासू, सांगा ना, खूप अडलंय.