मदत हवी आहे: बटण अळंबीवर कडुनिंबाचा अर्क चालतो का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात डिचोलीजवळ एका जुन्या खोलीत एसी लावून बटण अळंबीच्या साठ पिशव्या करतो. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावरची अळंबी फुकट उगवते, आणि मी विजेचं बिल भरून ही पिकवतोय, असं बायको म्हणते. असो.

अडचण अशी की केसिंगनंतर, म्हणजे पिशवीत वरून मातीचा थर दिल्यावर, चार-पाच पिशव्यांवर हिरवी बुरशी आली. आधी पांढरी, कापसासारखी, दोन दिवसांत शेवाळी रंगाची. ट्रायकोडर्मा असावी. फॉर्मेलिन (उग्र वासाचं जंतुनाशक रसायन) मला नको, कारण खोली घराला लागूनच आहे. म्हणून कडुनिंबाचा पाला उकळून, गाळून, गार करून दोन पिशव्यांच्या केसिंगवर फवारला. बुरशी थांबल्यासारखी वाटते, पण त्या पिशव्यांत अळंबीचे धागेही मागे पडलेत. शेजारच्या पिशवीत टाचणीच्या डोक्याएवढे कळे आलेत, इथे अजून नुसती माती.

अळंबी हीही बुरशीच. तेव्हा एकीला मारणारा अर्क दुसरीला सोडेल कसा, हाच माझा प्रश्न.

कोणी निरगुडी, लसूण किंवा करंज वापरून पाहिलंय का? किती पातळ केलं? फवारण्याऐवजी केसिंगच्या मातीत आधीच मिसळलं तर? खोली १६ ते १८ अंशांवर आहे, पण वीज गेली की दुपारी २४ वर जाते. दोष अर्काचा की उकाड्याचा, तेही सांगा. उरलेल्या पिशव्यांवर फवारणी थांबवली आहे.