मदत हवी आहे: इंदूरची जुनी दुकानं आणि ए. बी. (आग्रा-मुंबई) रोडचे ढाबे नीट फोटोत कसे घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. राजवाड्याच्या आसपास, म्हणजे खजुरी बाजार, शीतलामाता बाजार, मारोठिया, बर्तन बाजार या भागातल्या जुन्या दुकानांचे दर्शनी भाग फोटोत उतरवायला घेतले आहेत. घाई एवढ्यासाठी की रस्ते रुंद होताहेत. भिंतीवर पाडकामाचं लाल निशाण पडलं की पुढचा ओटला, खांब, सज्जा सगळं जातं. जे उरतं त्यावर एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत शीट चढते.

राजवाड्याची मला तितकी काळजी नाही. सात मजली वाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ मध्ये जळाला तरी त्याची दुरुस्ती झाली, फोटोही ढिगाने आहेत. पण त्याच्या सावलीतली पेढी, भांड्यांचं दुकान, अत्तरवाला यांना कोण विचारतं? रीगल आणि मधुमिलन टॉकीजच्या नावाने आपण आजही चौराहे ओळखतो, पण त्या टॉकीजच्या दर्शनी बाजूचा धड एक फोटो मला ओळखीत कुणाकडे मिळाला नाही. दुकानांचं तसं होऊ नये असं फार वाटतं.

एक दुकान सांगते, म्हणजे अडचण कळेल. काळ्या दगडाची पायरी, मधोमध झिजलेली. ओटल्यावर सुरूच्या झाडाच्या आकाराचे दोन लाकडी खांब, मध्ये महिरप. शटर नाही, फळ्यांचं दार आहे: रात्री एकेक फळी खाचेत सरकवायची, चुकू नये म्हणून फळ्यांवर आकडे रंगवलेले. वर गिलाव्यात उठावाची देवनागरी अक्षरं, पेढीचं नाव आणि विक्रम संवत. चुन्याचे इतके हात बसलेत की अक्षरं जेमतेम दिसतात. तिसऱ्या मजल्यावर लोखंडी कठड्याची गॅलरी.

आता हे सगळं एका फोटोत कसं बसवायचं? गल्ली जेमतेम बारा-पंधरा फुटी. कॅमेरा वर केला की भिंती वरच्या बाजूला निमुळत्या होतात. मोबाइलच्या अल्ट्रावाइड (फार रुंद दृश्य घेणाऱ्या) लेन्सने खांब कडेला फताडे दिसतात. सॉफ्टवेअरने सरळ केलं की दोन्ही बाजू कापल्या जातात आणि पायरी तरी जाते नाहीतर कठडा. माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम लेन्स आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. अमेरिकेत छायाचित्रकार जॉन मार्गोलीस यांनी साधारण १९६९ पासून पुढे चाळीसेक वर्षं रस्त्याकडेचे पेट्रोलपंप, मोटेल, ड्राइव्ह-इन थिएटर टिपले. सकाळचं स्वच्छ ऊन, निळं आकाश, मध्ये इमारत. माणूस नाही, गाडी नाही. ११,७०० च्या वर स्लाइड तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि कुणीही वापरू शकतं. ती पद्धत मला आवडते. पण आपल्याकडे सकाळी सातला गेलं तर दुकान बंद. अकराला गेलं तर दुकान दिसतं, पण समोर दुचाक्यांची रांग आणि खांबाला टांगलेला माल. गादीवर बसलेले शेठ नसतील तर ते दुकान कसलं, असंही वाटतं. तुम्ही काय कराल?

तिसरं, मानपूरकडच्या जुन्या ए. बी. रोडचे ढाबे. दारात सिमेंटचा वाघ, रंगवलेल्या भिंती, ट्रकवाल्यांसाठी खाटा. हमरस्ता बदलला तशी गिऱ्हाइकं गेली, काही ढाबे नुसते उभे आहेत. पाताळपाणी-कालाकुंडच्या वाटेवरच्या टपऱ्याही यादीत आहेत. भिंतीवरची चित्रं आणि हाताने रंगवलेल्या पाट्या छापल्या तर कॉपीराइटचं काही निघेल का?

प्रतिसाद:

ताई, उत्तम काम हाती घेतलंत. मी रामबागेत राहतो, आर्किटेक्ट आहे, मोजणीचं काम बरंच केलंय. गल्लीत उभं राहून वर बघूच नका. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जा. तिथल्या गॅलरीतून कॅमेरा अगदी समतल धरला की अर्धी इमारत वर, अर्धी खाली येते आणि उभ्या रेषा सरळ राहतात. गॅलरी मिळाली नाही तर १८ च्या ऐवजी ३५ वर झूम ठेवा आणि खालून वर, डावीकडून उजवीकडे तुकड्यांत फोटो घ्या. प्रत्येकात तिसरा हिस्सा आधीच्या फोटोवर चढवा, घरी जोडा. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ट्रायपॉड, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल. चारी बाजूंना जागा सोडा, कापलं तरी पायरी वाचेल. एका फोटोत मीटरची पट्टी भिंतीला टेकवून ठेवा. पुढे कुणाला नकाशा काढायचा झाला तर सोनं आहे.

उजेडाचं मात्र नीट समजून घ्या. जर्मनीत बेर्न्ड आणि हिला बेशर हे छायाचित्रकार जोडपं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या मुद्दाम ढगाळ दिवशी टिपायचे, म्हणजे सावली आड येत नाही. पूर्ण इमारतीला ते चालेल. उठावाच्या अक्षरांना नाही! ढगाळ उजेडात ती पुसली जातात. सूर्य भिंतीला घासून जातो ती वेळ शोधा, तिरपं ऊन पडलं की चुन्याखालचं अक्षरन् अक्षर सावली टाकतं. ऊन पोचत नसेल तर बाजूने टॉर्च मारा.

प्रतिसाद:

इमारतीची चिंता नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये वास्तूचा फोटो काढायला आणि छापायला सूट आहे. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पालाही आहे, म्हणजे तुमचा वाघ सुटला. रंगवलेल्या चित्राला मात्र ती सूट लागू नाही. त्याचा हक्क चित्रकार हयात असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं राहतो. तेव्हा नुसत्या चित्राचा क्लोजअप छापायचा तर पेंटरला गाठा. त्या निमित्ताने त्याचीही माहिती मिळेल, ती पाटीइतकीच मोलाची.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. समोरच्या गॅलरीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता असं ठरवलंय: प्रत्येक दुकान दोनदा, एकदा बंद आणि एकदा शेठ गादीवर असताना, त्यांना विचारून. ज्यांच्या भिंतीवर निशाण आहे ती आधी. फाइलच्या नावात तारीख, बाजार आणि दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला ते लिहीन.

अजून दोन गोष्टी हव्यात. २४ एमएमची शिफ्ट लेन्स (कॅमेरा समतल ठेवून वरचं दृश्य घेणारी) इंदुरात कुठे भाड्याने मिळते का? आणि मारोठियात किंवा शीतलामाता बाजारात कुणाच्या नातेवाइकांची पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे गॅलरी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सकाळी तासभर उभं राहू दिलं तरी पुरे.