गोणीभर कांदा: नावं देण्याआधी

सोसायटीचे सचिव, ७:४०
नमस्कार. शनिवारी सकाळी ९ वाजता गेटवर थेट शेतकऱ्याकडून उन्हाळी कांदा येतोय. ५० किलोची गोणी, २० रुपये किलो. फोटो वर टाकलाय. नावं द्या.

सी-२०१, ७:४६
दादा, आधी एवढं विचारा: कांदा परवाच्या वळवाआधी काढलाय की नंतर? आणि किती दिवस सुकवलाय?

सचिव, ७:४८
माल तर छान दिसतोय, ताई. लालसर, चकचकीत.

सी-२०१, ७:५९
फोटोत मान, म्हणजे कांद्याचं पातीकडचं टोक, कळत नाही. कांदा उपटल्यावर पातीसकट ३-४ दिवस वावरातच सुकवतात. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरतात, म्हणजे उन्हाने चट्टे पडत नाहीत. मग दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत १०-१२ दिवस ठेवायचं. तेवढ्यात मान वाळते, बारीक होते आणि बंद होते. तोच कांदा टिकतो.

मान ओली असताना पाऊस लागला तर पाणी तिथूनच आत उतरतं. वरची पत्ती, म्हणजे साल, कोरडी दिसते, पण आतली दुसरी-तिसरी पाकळी तपकिरी आणि पाणचट झालेली असते. असा कांदा दोन-तीन आठवड्यांत वास मारतो आणि गोणीत शेजारच्यांनाही नासवतो.

बी-३०४, ८:०५
ताई बरोबर सांगतायत. हिशोब करून बघा. ५० किलोचे १००० रुपये. त्यातला १२ किलो सडला तर हातात ३८ किलो, म्हणजे किलो पडला २६ रुपयांच्या वर. निवडत बसायचा ताप वेगळा.

ए-५०२, ८:०९
काका, मग पाऊस झाल्यावर कांदा महाग व्हायला हवा ना? आज मंडईत उलट उतरलाय.

बी-३०४, ८:२१
भिजलेला माल चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरता येत नाही, वहिनी. शेतकरी तो लगेच बाजारात आणतो. लासलगाव, पिंपळगावला एकदम आवक वाढते आणि भाव पडतो. पण चाळीत जेवढा कमी भरला, तेवढा पुढे कमी निघणार. मार्च ते मे काढलेल्या याच कांद्यावर आपण ऑक्टोबरपर्यंत जगतो, खरिपाचा लाल कांदा त्यानंतरच येतो. म्हणून आजच्या पावसाचा खरा फटका गणपती ते दिवाळीत बसतो. त्यात परतीच्या पावसाने खरिपाचं पीक झोडपलं की संपलंच. २०१९ला तसंच झालं, नोव्हेंबर-डिसेंबरात कांदा शंभरीपार गेला.

तरी दरवर्षी असंच होतं असं नाही. २०२५च्या मेमध्ये तुफान पाऊस झाला, पण रब्बीचं, म्हणजे या उन्हाळी कांद्याचं, पीकच मोठं होतं, त्यामुळे पुढे भाव चढलाच नाही आणि शेतकऱ्याच्या पदरी काही पडलं नाही. नुसतं आभाळ बघून साठा करू नका. चाळीत माल किती आहे, त्यावर सगळं ठरतं.

डी-१०३, ८:२४
टोमॅटोचंही हेच गणित का?

सी-२०१, ८:३१
नाही, तो साठत नाही. तिथे पावसाआधी उन्हाचा मार असतो. पारा ३५-३८च्या वर गेला की फूल गळतं, फळ धरत नाही. फूल ते लाल फळ दीड-दोन महिने, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हाचं बिल जून-जुलैत येतं. फळ उन्हातच पिकलं तर लाल न होता पिवळट-नारिंगी राहतं. त्यावर पाऊस पडला की देठाजवळ तडे जातात. तडा गेलेला त्याच दिवशी आमटीत घाला, ठेवू नका.

ए-५०२, ८:३४
आणि कोथिंबीर? १० ची जुडी दोन दिवसांत ४० होते.

बी-३०४, ८:४०
ती ४०-४५ दिवसांत येते आणि एका पावसात झोपते. भिजलेल्या जुडीत पाणी आणि चिखल, वाहतुकीतच पिवळी पडते. घरी आणली की धुऊ नका. सडकी पानं काढून कोरड्या कागदात गुंडाळा.

सी-२०१, ८:४६
कांद्याकडे परत येते. गेटवर आल्यावर अंगठ्याने मान दाबा. मऊ लागली तर नको. जाड मानेचाही नको, तो लवकर कोंब काढतो. पत्ती हाताला कुरकुरीत लागली पाहिजे. पत्तीखाली काजळीसारखी काळी बुरशी असेल तर वरची पाकळी काढून आठवडाभरात संपवा, साठवू नका. मुळाकडे नवीन पांढरे तंतू दिसले तर ओल लागलीये. आणि एक कांदा उभा चिरूनच बघा.

घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. जाळीच्या गोणीत किंवा फळीवर दोन थरांपेक्षा जास्त नाही. बटाटे लांब, त्यांची ओल कांद्याला सोसत नाही. दर आठवड्याला हात फिरवून मऊ निघेल तो बाजूला करा.

सचिव, ९:१२
फोन केला. एप्रिलअखेरीस काढलाय, पावसाआधीच चाळीत भरलाय म्हणतात. दोन गोण्या समोर रिकाम्या करून दाखवायला तयार आहेत.

सी-२०१, ९:१४
मग आमची एक लिहा. गोण्या तुम्ही सांगाल त्याच उघडायला लावा, आणि बघताना तळाचा कांदा बघा.

ए-५०२, ९:१५
आमची अर्धी. डी-१०३ वाल्या वहिनी, उरलेली अर्धी तुम्ही घेता का?