मदत हवी आहे : गोटी पाना (सॉकेट) सेट ३/८ इंच ड्राईव्हचा (ड्राईव्ह म्हणजे गोटीत बसणारा हँडलचा चौकोनी दांडा) घ्यावा का १/२ चा? आणि गंजाचं काय करू

चिपळूणला टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे, जागा ८ बाय १०, बजेट ६-७ हजार. फक्त बाईक-स्कूटर, त्यामुळे जास्त काम ८, १०, १२, १४ आणि १७ मिमीच्या नट-बोल्टवरच. आधी ऑनलाईन एक स्वस्त ४६ पीसचा १/४ ड्राईव्हचा सेट घेतला होता, त्याचं रॅचेट (एकाच दिशेने पकडणारं हँडल) तीन महिन्यात स्लिप व्हायला लागलं आणि १० ची गोटी तर हरवलीच (ती सगळ्यांचीच हरवते म्हणा). रिंग पाने, टी पाने टपारिया कंपनीचे आहेत, त्यांची तक्रार नाही. १२ पॉइंटच्या (आतून १२ कोपरे असलेल्या) गोटीने दोन बोल्ट गोल झाले म्हणून आता ६ पॉइंटच घेणार, ते ठरलंय.

दुसरं म्हणजे पावसाळ्यात सगळं गंजतं. ऑइलचं फडकं मारून बघितलं, पण हात सटकतो आणि धूळ बसते. ट्रॉलीला जागा नाही, भिंतीला ओल येते म्हणून पाने टांगायचा बोर्ड लावायला मन होत नाही.

तर एकच सेट घ्यायचा तर ३/८ घेऊन चाकाच्या एक्सलच्या नटाला वेगळा लांब पाना ठेवू का सरळ १/२ च घेऊ? आणि कोकणातले गॅरेजवाले पावसाळ्यात पाने नक्की कशात ठेवता?